शब्दाचा सोबती

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसत असते. विद्यार्थ्याला विषय कळलेला असतो, मुद्दे बरोबर असतात, शब्दसंग्रह बेताचा असला तरी कामापुरता असतो. आणि तरीही पान लाल शाईने भरून जाते. बारकाईने पाहिले तर त्या लाल खुणा मोठमोठ्या शब्दांखाली नसतात. त्या असतात 'इन', 'ऑन', 'टू', 'विथ', 'अबाउट' अशा दोन-चार अक्षरी शब्दांखाली, किंवा 'गो' लिहावे की 'गोइंग' लिहावे अशा जागी. मुलगा मोठा डोंगर चढून येतो आणि उंबरठ्याला ठेचकाळतो, असा हा प्रकार आहे.

याचा परिणाम केवळ गुणांवर झाला असता तर मी हा लेख लिहिला नसता. खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या खेड्यांतून मराठी माध्यमात शिकून येणारी हुशार मुले महाविद्यालयात आल्यावर गप्प होतात, हे खरे दुखणे आहे. आपल्याला इंग्रजी 'येत नाही' असे त्यांच्या मनाने घेतलेले असते. चुका कुठून येतात हे कोणी सांगत नाही, त्यामुळे त्या चुका म्हणजे आपल्या बुद्धीतलाच दोष असे त्यांना वाटू लागते. या चुका बुद्धीच्या अभावी होत नाहीत. त्या आपल्या मातृभाषेच्या शिस्तीतून येतात, त्यांना कारणे आहेत, आणि कारण कळले की त्यांतल्या बऱ्याचशा टाळता येतात, एवढेच मला या लेखात दाखवायचे आहे.

एका 'ला'ची अनेक कामे

इंग्रजीतले 'प्रेपोझिशन' म्हणजे आपल्याकडचे शब्दयोगी अव्यय, असे शाळेत शिकवतात. ते अर्धेच खरे आहे. इंग्रजीत जे काम प्रेपोझिशन करते, ते आपण काही वेळा शब्दयोगी अव्ययाने करतो आणि पुष्कळ वेळा विभक्तीच्या प्रत्ययाने करतो. शिवाय प्रेपोझिशन नामाच्या आधी येते, आपले अव्यय आणि प्रत्यय नामाच्या मागून येतात. हा क्रमाचा फरक मात्र कोणाला अडवत नाही. 'टेबलावर' याचे 'टेबल ऑन' असे कोणी करत नाही. अडचण निराळीच आहे.

आपला 'ला' हा प्रत्यय पाहा. 'मी पुण्याला गेलो' येथे इंग्रजीत 'टू' येईल. 'गाडी पाचला सुटते' येथे 'अॅट' येईल. 'झाडाला फळे लागली' येथे 'ऑन' येईल. 'तो भिंतीला टेकून उभा राहिला' येथे 'अगेन्स्ट' येईल. 'हे पुस्तक दहा रुपयांना घेतले' येथे 'फॉर' येईल. 'मी कुत्र्याला भितो' येथे 'ऑफ' येईल. आणि 'मी तिला भेटलो', 'मी काकांना विचारले' येथे काहीच येणार नाही. 'आय मेट हर', 'आय आस्क्ड माय अंकल' एवढेच.

एका 'ला'साठी इंग्रजीत सहा वेगवेगळे शब्द झाले, आणि सातव्या ठिकाणी नुसती मोकळी जागा! मग 'ला म्हणजे टू' असे मनाशी पक्के करून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने 'आय आस्क्ड टू माय अंकल' लिहिले तर त्यात नवल काय?

पण हे इंग्रजीचेच विचित्रपण आहे असे समजू नये. उलट दिशेने पाहा. आपण कोणावर तरी प्रेम करतो, पण आवड मात्र कशाची तरी असते. आपण मुलावर रागावतो, पण राग मुलाचा येतो. वाघाला भितो, पण भीती वाघाची वाटते. विश्वास माणसावर ठेवतो, मैत्री माणसाशी करतो, मदत माणसाला करतो. एखादा परदेशी माणूस मराठी शिकू लागला आणि त्याने 'प्रेमाला वर का, आवडीला ची का' असे विचारले तर आपण काय उत्तर देणार? 'असेच म्हणतात', एवढेच. आपल्याला हे कोणी नियमाने शिकवले नाही. 'रागावणे' हा शब्द कानावर पडला तो 'वर' घेऊनच पडला. शब्द आणि त्याचा सोबती असे दोघे एकदमच आपल्या घरी आले.

इंग्रजी शब्द मात्र आपल्याकडे एकटे आले. वहीच्या डाव्या बाजूला 'डिस्कस', उजव्या बाजूला 'चर्चा करणे'. सोबती मागेच राहिला. मग त्याची रिकामी जागा आपण मराठीतला सोबती घेऊन भरली. या चुकांपैकी बहुतेकांचे मूळ येथे आहे.

चार भाषांतील एक कुत्रा

आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्याला ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळायला हवी, कारण त्याच्या कानावर दोन-तीन भाषा रोज पडत असतात. याच अंकाचा दुसरा विभाग कन्नडमध्ये आहे. तेव्हा कन्नड मित्रांनाही बरोबर घेऊ.

मराठी माणूस कुत्र्याला भितो. कन्नड माणूस 'नायिगे' भितो. तेथेही आपल्या 'ला'सारखा 'गे' आहे. हिंदी माणूस 'कुत्ते से' डरतो, म्हणजे कुत्र्यापासून. इंग्रज 'अफ्रेड ऑफ द डॉग' म्हणतो, म्हणजे शब्दशः कुत्र्याचा. कुत्रा तोच, भीतीही तीच. पण प्रत्येक भाषेने त्या भीतीचे कुत्र्याशी नाते वेगळ्या दोरीने बांधले आहे. यांतली कोणती दोरी तर्काला धरून आहे असे विचारणे व्यर्थ आहे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. मराठीत 'त्याने तिच्याशी लग्न केले'. म्हणून आपला विद्यार्थी हटकून 'ही मॅरीड विथ हर' असे लिहितो. कन्नडमध्ये मात्र 'अवळन्नु मदुवेयाद' असे सर्रास म्हणतात. तेथे 'अन्नु' हा द्वितीयेचा, म्हणजे कर्माचा प्रत्यय आहे. इंग्रजीतही 'ही मॅरीड हर' यात 'हर' हे नुसते कर्म आहे. म्हणजे या एका वाक्यात कन्नड विद्यार्थ्याची मातृभाषा त्याला योग्य वाटेने नेते आणि आपली मातृभाषा आपल्याला चकवते. दुसऱ्या एखाद्या वाक्यात याच्या उलट होईल. यात कोणी हुशार नाही की कोणी मठ्ठ नाही. जो तो आपापल्या भाषेच्या सवयीने चालतो.

गंमत अशी की शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत 'मॅरी'पुढे 'विथ' चालत असे. पुढे तो प्रघात मागे पडला. आज 'मॅरी'पुढे काही नाही आणि 'मॅरीड' हे विशेषण म्हणून आले तर पुढे 'टू': 'शी इज मॅरीड टू अ डॉक्टर'.

क्रियापद मोकळे, नाम बांधलेले

आता एका अशा गटाकडे येऊ, जेथे पाठांतरापेक्षा समज अधिक उपयोगी पडते.

'वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम', 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह', 'द टीचर एम्फसाइज्ड ऑन डिसिप्लिन', 'ही ऑर्डर्ड फॉर टी', 'दे डिमांडेड फॉर जस्टिस', 'शी रिझेम्बल्स टू हर मदर', 'ही एंटर्ड इन द रूम', 'दे अटॅक्ड ऑन द फोर्ट'. ही आठही वाक्ये चुकीची आहेत आणि आठांतही चूक एकच आहे: मधला छोटा शब्द नको. डिस्कस्ड द प्रॉब्लेम, रिक्वेस्ट लीव्ह, एम्फसाइज्ड डिसिप्लिन, ऑर्डर्ड टी, डिमांडेड जस्टिस, रिझेम्बल्स हर मदर, एंटर्ड द रूम, अटॅक्ड द फोर्ट.

मग हा छोटा शब्द आला कुठून? काही अंशी मराठीतून, हे उघडच आहे. पण काही अंशी तो इंग्रजीतूनच आला आहे. कारण याच क्रियापदांची नामे घेतली तर तेथे तो शब्द लागतोच: डिस्कशन अबाउट किंवा डिस्कशन ऑफ, रिक्वेस्ट फॉर, एम्फसिस ऑन, ऑर्डर फॉर, डिमांड फॉर, रिझेम्ब्लन्स टू, एंट्री इंटू, अटॅक ऑन. विद्यार्थ्याने ही नामे वर्तमानपत्रात आणि पाठ्यपुस्तकात पाहिलेली असतात. तो नामाचा सोबती उचलून क्रियापदाला जोडतो.

येथे आपली मराठी चकवत नाही, उलट मदतीला येते. 'त्याने पुस्तक मागितले', पण 'पुस्तकाची मागणी'. 'त्याने गाव सोडले', पण 'गावाचा त्याग'. 'मी कादंबरी वाचली', पण 'कादंबरीचे वाचन'. क्रियापदाला कर्म सरळ भेटते. नामाला दुसरे नाम सरळ भेटत नाही, मध्ये 'चा-ची-चे' सारखा दुवा लागतो. इंग्रजीत नेमके हेच आहे. 'पुस्तकाची मागितले' असे आपण कधी म्हणत नाही. मग 'डिमांडेड फॉर द बुक' असे तरी का म्हणावे?

म्हणून वहीत क्रियापद आणि नाम शेजारी-शेजारी लिहावे: 'डिस्कस', पुढे रेघ, 'डिस्कशन', पुढे 'ऑफ, अबाउट'. 'लॅक', पुढे रेघ, 'लॅक ऑफ'. 'अॅन्सर', पुढे रेघ. नाम असेल तेव्हा 'अॅन्सर टू'. रेघ म्हणजे 'येथे कोणी नको'. ही रेघ फार महत्त्वाची आहे. सोबती नसणे हीसुद्धा शब्दाविषयीची एक माहिती आहे.

अपवाद आहेतच. खोलीत शिरताना 'एंटर द रूम', पण करारात शिरताना 'एंटर इंटू अॅन अॅग्रीमेंट'. 'अॅन्सर द लेटर' बरोबर, पण त्याच अर्थाच्या 'रिप्लाय'ला मात्र 'टू' हवा: 'रिप्लाय टू द लेटर'. 'कन्सिस्ट'ला 'ऑफ' हवा. 'कंप्राइज' कर्तरी प्रयोगात एकटे येते.

याच्या उलट चूकही होते. आपण 'गाणे ऐकतो', 'गाण्याला ऐकतो' असे म्हणत नाही. म्हणून 'आय लिसन म्युझिक' असे लिहिले जाते. तेथे 'लिसन टू' हवे. म्हणजे जेथे मराठीत काही नाही तेथे इंग्रजीत आहे, आणि जेथे मराठीत आहे तेथे इंग्रजीत नाही. दोन्ही बाजूंनी सावध राहिलेले बरे.

'मला सांगितले' याची तीन रूपे

'त्याने मला सांगितले' हे मराठीत एकच वाक्य आहे. इंग्रजीत 'ही टोल्ड मी', पण 'ही सेड टू मी'. आणि समजावून सांगितले असेल तर 'ही एक्स्प्लेन्ड इट टू मी'. 'एक्स्प्लेन मी धिस पोएम, सर' हे वाक्य वर्गात सर्रास ऐकू येते. ते 'एक्स्प्लेन धिस पोएम टू मी' असे हवे.

यामागे थोडा इतिहास आहे. 'गिव्ह', 'टेल', 'सेंड', 'शो' हे छोटे शब्द मूळच्या जुन्या इंग्रजीतले. त्यांच्यापुढे माणूस आणि वस्तू दोन्ही कर्मे सरळ ठेवता येतात: 'गिव्ह मी द बुक', 'शो मी द वे'. 'एक्स्प्लेन', 'डिस्क्राइब', 'सजेस्ट', 'डोनेट', 'अनाउन्स' हे लांब शब्द लॅटिन वळणाचे, बाहेरून आलेले. त्यांच्यापुढे माणूस ठेवायचा तर बहुधा 'टू' लागतो. घरचा माणूस थेट स्वयंपाकघरात येतो, पाहुणा ओसरीवरून विचारून येतो, तसे समजा. हा कल आहे, कायदा नव्हे. 'सेड टू मी' यातला 'से' घरचाच असून 'टू' घेतो, आणि 'प्रॉमिस' पाहुणा असून 'प्रॉमिस मी' असा थेट आत येतो. तरी लांब शब्द दिसला की क्षणभर थांबावे, एवढा उपयोग या कलाचा नक्कीच आहे.

लॅटिन वळणाची आणखी एक खूण सांगतो. 'पेक्षा' म्हणजे 'दॅन' हे आपल्याला पाठ असते. पण 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर', 'प्रायर' या शब्दांपुढे 'दॅन' नको, 'टू' हवा: 'ही इज सीनियर टू मी'. या पाचांच्या शेवटी ऐकू येणारा 'इअर' हा लॅटिनमधला तरभाव दाखवणारा प्रत्यय आहे. तो प्रत्यय घेऊन आलेल्या शब्दांनी इंग्रजीचा 'दॅन' घेतला नाही. 'प्रिफर' त्यांच्या जातीचा नाही, पण त्यालाही 'टू' हवा: 'आय प्रिफर टी टू कॉफी'.

काही ठिकाणी मात्र इतिहासही फारसा कामी येत नाही. एखाद्या कारकुनावर चोरीचा आळ आला असे समजा. 'अॅक्यूज्ड ऑफ थेफ्ट', 'चार्ज्ड विथ थेफ्ट', 'ब्लेम्ड फॉर द थेफ्ट'. अर्थ जवळपास एक, सोबती तीन. येथे तर्क लढवत बसू नये. तीन छोटी वाक्ये करून तोंडात बसवावीत.

क्रियापदापुढचे क्रियापद

आता दुसऱ्या मोठ्या अडचणीकडे वळू. एका क्रियापदापुढे दुसरे आले की त्याचे रूप कोणते? 'टू गो', 'गोइंग', की नुसते 'गो'?

येथे एक नियम असा आहे की त्याला अपवाद जवळजवळ नाही: प्रेपोझिशनपुढे क्रियापद आले तर ते आयएनजी-रूपातच येते. 'इन्सिस्ट ऑन पेइंग', 'सक्सीड इन पासिंग', 'प्रिव्हेंट फ्रॉम गोइंग', 'केपेबल ऑफ डूइंग', 'विदाउट टेलिंग'. हा नियम आपल्याला परका नाही. मराठीत 'येणे' हे 'पूर्वी'ला जोडताना आपण 'येण्यापूर्वी' म्हणतो. 'जाण्यासाठी', 'बोलण्याबद्दल', 'लिहिण्यावर' म्हणतो. शब्दयोगी अव्यय नामालाच लागते, म्हणून क्रियापदाला आधी नामाचा वेष घ्यावा लागतो. आपला 'ण्या' आणि त्यांचा 'आयएनजी' हे या जागी सख्खे भाऊ आहेत.

मग 'टू'चे काय? 'टू'पुढे तर 'गो' येते! विद्यार्थी येथे हमखास अडखळतो, आणि 'आय अॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' असे लिहितो. ते 'टू मीटिंग यू' असे हवे. इंग्रजीत आज 'टू' दोन आहेत. एक खरा प्रेपोझिशन, दुसरा क्रियापदाच्या मूळ रूपाची नुसती खूण. ते ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. 'टू'पुढे क्रियापदाऐवजी एखादे साधे नाम ठेवून पाहावे. 'लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज' हे वाक्य जमते. म्हणजे हा खरा प्रेपोझिशन, पुढे आयएनजी. 'वाँट टू द हॉलिडेज' जमत नाही. म्हणजे ही नुसती खूण, पुढे मूळ रूप. 'ऑब्जेक्ट टू', 'अॅकस्टम्ड टू', 'विथ अ व्ह्यू टू', 'डिव्होटेड टू' ही सगळी पहिल्या जातीची आहेत. 'आय अॅम यूज्ड टू वॉकिंग' म्हणजे मला चालण्याची सवय आहे. 'आय यूज्ड टू वॉक' म्हणजे मी पूर्वी चालत असे. एवढ्याशा फरकाने अर्थ कुठल्या कुठे जातो.

हा दुसरा 'टू' मुळात पहिल्यातूनच निघाला. जुन्या इंग्रजीत तो 'कडे' या अर्थाचा होता आणि त्याच्यापुढे क्रियापदाला विभक्तीचे रूप येत असे. पुढे विभक्ती झिजून गेल्या, 'टू' उरला. म्हणजे 'टू गो' याचा मूळ भाव 'जाण्याकडे' असा. आणि आपण काय म्हणतो? 'जायला'. यात 'ला' आहेच! कन्नडमध्ये 'होगलिक्के', त्यातही 'ला'च्या अर्थाचा 'क्के' आहे. इतक्या दूरदूरच्या भाषांना क्रियापद पुढच्या कामाकडे वळवायला हाच प्रत्यय सुचला, हे पाहून मला नेहमी कौतुक वाटते.

यातून एक ढोबळ धागा हाती लागतो. ज्या क्रियापदांचा रोख पुढे, न झालेल्या गोष्टीकडे असतो, त्यांच्यापुढे बहुधा टू-रूप येते: 'वाँट', 'होप', 'डिसाइड', 'प्रॉमिस', 'एक्स्पेक्ट', 'रिफ्यूज'. ज्यांचा रोख चालू असलेल्या किंवा झालेल्या गोष्टीकडे असतो, त्यांच्यापुढे आयएनजी: 'एन्जॉय', 'फिनिश', 'अॅडमिट', 'डिनाय'. 'आय एन्जॉय टू रीड' हे चूक, 'आय एन्जॉय रीडिंग' बरोबर. पण 'अव्हॉइड', 'पोस्टपोन', 'कन्सिडर', 'सजेस्ट' यांचा रोख पुढे असूनही त्यांना आयएनजी लागते. तेव्हा धागा हाताशी ठेवावा, पण डोळे मिटून त्याच्यामागे जाऊ नये.

मराठीचा 'ण्या' दिसला की आयएनजी, अशी युक्ती काही जण सांगतात. ती प्रेपोझिशनपुढे चालते, इतरत्र फसते. 'पोहण्याचा आनंद घेतो' याला 'एन्जॉय स्विमिंग' जुळते. पण 'जाण्याचे ठरवले' याला 'डिसाइडेड टू गो' म्हणावे लागते.

काही क्रियापदे दोन्ही रूपे घेतात आणि अर्थ बदलतात. 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे तो विडी ओढायला थांबला. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने विडी सोडली. एका वाक्यात घरचे लोक चिंतेत, दुसऱ्यात आनंदात! तसेच 'रिमेंबर'. 'रिमेंबर टू पोस्ट द लेटर' म्हणजे आठवणीने टाक. 'आय रिमेंबर पोस्टिंग द लेटर' म्हणजे टाकल्याचे मला आठवते. पहिल्यात काम पुढे आहे, दुसऱ्यात मागे. वरचा धागा येथे छान लागू पडतो.

नुसत्या मूळ रूपाचीही एक छोटी जात आहे. 'लेट मी गो'. आपणही 'मला जाऊ द्या' म्हणतो, 'जायला द्या' क्वचितच. तेथे चूक होत नाही. पण 'त्याने मला थांबायला लावले' यातल्या 'ला'मुळे 'ही मेड मी टू वेट' असे लिहिले जाते. 'ही मेड मी वेट' हवे. कर्मणी प्रयोगात मात्र तो 'टू' परत येतो: 'आय वॉज मेड टू वेट'. आणि 'ही सजेस्टेड मी टू गो' हे कधीच नाही. 'ही सजेस्टेड दॅट आय शुड गो', किंवा दोघांनी मिळून जायचे असेल तर 'ही सजेस्टेड गोइंग'.

कोश कसा पाहावा

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटले. ती मेहनत आज कमी झाली, पण साधने वाढली आहेत. त्यांतले सर्वांत उपयोगी साधन म्हणजे शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश.

अशा कोशाचा इतिहास जाणण्यासारखा आहे. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२० च्या दशकात जपानमध्ये इंग्रजी शिकवायला गेले. साधा कोश शब्दाचा अर्थ सांगतो, पण तो वाक्यात कसा बसवायचा हे सांगत नाही, आणि परक्या विद्यार्थ्याचे घोडे नेमके तेथेच अडते, हे त्यांच्या ध्यानात आले. गेटेनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी केलेला कोश १९४२ साली टोकियोत, महायुद्धाच्या धामधुमीत प्रसिद्ध झाला. १९४८ साली तोच ऑक्सफर्डने छापला, आणि पुढे 'ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' या नावाने तो जगभर गेला. त्यात क्रियापदांच्या रचनांचे २५ नमुने ठरवून प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या नमुन्यांचे क्रमांक दिले होते. नंतरच्या आवृत्त्यांत ही पद्धत सोपी करण्यात आली. पण शब्दाबरोबर त्याचा सोबती दाखवायचा, हे मूळ सूत्र कायम राहिले.

आपल्या ग्रंथालयात हा कोश असतो, आता तर तो खिशातल्या मोबाइलवरही पाहता येतो. पण आपले विद्यार्थी तो अर्थापुरता उघडतात आणि मिटतात. अर्थाखाली तिरप्या अक्षरांत जे एक-दोन नमुन्याचे वाक्य असते, तेच खरे तर वाचायचे असते. अर्थ पुष्कळदा संदर्भावरून कळतो. सोबती कोश पाहिल्याखेरीज कळत नाही.

चूक कशाला म्हणावे?

माझे काही सहकारी येथे आक्षेप घेतील. 'डिस्कस अबाउट' भारतभर बोलले जाते, इतर काही देशांतही ऐकू येते. मग ती चूक का म्हणायची? इंग्रज आणि अमेरिकन यांच्यात तरी कुठे एकमत आहे? इंग्रज 'राइट टू मी' म्हणतो, अमेरिकन खुशाल 'राइट मी' म्हणतो. 'डिफरंट'पुढे कोणी 'फ्रॉम' लावतो, इंग्लंडात 'टू'ही ऐकू येतो, अमेरिकेत 'दॅन'.

आक्षेप खरा आहे, आणि तो मी मानतो. भाषा बदलते, आणि ती वापरणारेच तिला बदलतात. म्हणून बोलणाऱ्या मुलाला 'अबाउट'साठी मध्येच अडवणे मला पसंत नाही. त्याचे म्हणणे पुरे होऊ द्यावे. पण नोकरीचा अर्ज, परीक्षेचा पेपर, संशोधनाचा निबंध वाचणारा माणूस आपल्या ओळखीचा नसतो. त्याच्यापुढे आपला शब्दच काय तो उभा असतो. तेथे ज्या रूपाला कोणीही हरकत घेणार नाही ते रूप वापरावे: 'डिफरंट फ्रॉम' लिहावे, 'डिस्कस' एकटे लिहावे. नियम मोडायचा झाला तरी तो माहीत असून मोडावा.

शिक्षकांनाही एक विनंती. नुसती लाल रेघ मारून थांबू नये. रेघेशेजारी 'मराठी: तिच्याशी' एवढे दोन शब्द लिहिले तरी मुलाला कळते की ही चूक कुठून आली. मग तो चुकीला लाजत नाही, तिच्याकडे पाहू लागतो.

विद्यार्थ्यांनी काय करावे? मोठा नियमग्रंथ पाठ करायची गरज नाही. एक छोटी वही करावी. दिवसाला तीन शब्द, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक शब्द त्याच्या सोबत्यासह लिहावा, सोबती नसेल तर रेघ मारावी. खाली आपल्या स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य लिहावे, आपल्या गावाचे, आपल्या घराचे, आपल्या एसटीचे. पुस्तकातले वाक्य विसरते, आपले विसरत नाही. शेजारी त्याच अर्थाचे मराठी वाक्य लिहून त्यातल्या प्रत्ययाखाली खूण करावी. कन्नड येत असेल तर तेही लिहावे. दोन-तीन महिन्यांत दीड-दोनशे शब्द होतील, आणि नेहमीच्या चुकांतल्या बऱ्याचशा त्यांतच असतील.

आणि ही वही होईपर्यंत बोलायचे थांबवू नये. 'वर', 'ला', 'शी' आपण लहानपणी चुकतमाकतच शिकलो. घरचे हसले, पण कोणी आपल्याला गप्प बसवले नाही. इंग्रजीलाही तेवढीच मोकळीक द्यायला हवी.